जटायूचा क्रेट

दोन हजार चोवीस साली मी शहात्तर वर्षांचा होतो, आणि पुराणातल्या कथांची जेवढी पुस्तकं माझ्याकडं होती तेवढी नाशकात एका माणसाकडं नव्हती. ही फुशारकी वाटली तर वाटू द्या. शाळा माझी तिसरीत सुटली. वाचताना अजून ओठ हलतात, ओळीखाली बोट लागतं. पण ज्यांचे ओठ हलत नाहीत असे प्राध्यापक मखमलाबाद रस्त्याला माझ्या शेडच्या दारात चपला काढायचे आणि विचारायचे, "नाना, अगस्तीचं काही आहे का?" मी त्यांना आधी अर्धा तास उभं ठेवायचो. मग सांगायचो, हाय.

मी फुलवाला. मळ्यात झेंडू आणि शेवंती करायचो आणि रामकुंडावर पाटी घेऊन बसायचो. लोक दहाव्याला येतात, अस्थी घेऊन येतात, तसेच जुन्या पोथ्याही घेऊन येतात. फाटकी पोथी रद्दीत घातली तर पाप, आणि घरात ठेवायची तर सून म्हणते झुरळं होतात. म्हणून म्हातारा गेला की त्याच्या पोथ्या फडक्यात बांधायच्या आणि गंगेत सोडायच्या. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. मी पाटीवरून उठायचो आणि म्हणायचो, टाकू नका, इकडं द्या. काही द्यायचे. काही म्हणायचे की नाही, पाण्यातच जायला पाहिजे. मग ते टाकायचे आणि वळायचे, आणि मी बांबूच्या आकड्यानं गाठोडं ओढून घ्यायचो.

एक बाई पुढच्या वर्षी परत आली होती. तिच्या सासूच्या हातची अक्षरं होती त्या पोथीच्या मागच्या पानावर, पाळणे लिहिलेले. म्हणाली, "बाबा, तुम्ही काढली होती का हो? तेवढं पान तरी द्या." पोथी माझ्या शेडमध्ये होती. मी म्हटलं, "तू बुडवली ना? मग बुडाली." ती रडत गेली. पोथी मी दिली नाही. आज एकाला पान दिलं तर उद्या दुसरा जिल्द मागतो.

पुस्तकं मी टोमॅटोच्या क्रेटमध्ये ठेवली. प्लॅस्टिकचे, जाळीचे क्रेट. हवा खेळते, बूड कुजत नाही. लावणी नावावरून नव्हे. नावं तर सगळ्यांची सारखीच, अमुक माहात्म्य, तमुक माहात्म्य. मी लावणी केली ती कोण कुठून आला, कुठं थांबला, कुठं पडला यावरून. सीतेचे तीन क्रेट, शूर्पणखेचा एक, अगस्तीचा एक, जटायूचा एक. प्रत्येक पुस्तकात चिठ्ठी: कुठल्या गावच्या माणसानं बुडवायला आणलं आणि कोणत्या पानावर कोणत्या जागेचं नाव आहे. हे सगळं माझी लेक लहानपणापासून बघत होती. तिची आई लवकर गेली, त्यामुळं ती शेडमध्येच वाढली. ओली पानं सुटी करायला तिच्याइतका हलका हात कुणाचा नव्हता. तोंडावर मी तिला तसं कधी म्हटलं नाही.

शहरातल्या एका जुन्या वाचनालयात पुराणकथांचा कोश करायचं काम चाललं होतं. आधी कॉम्प्युटरवर चढवायचा, मग छापायचा. संपादक एक निवृत्त प्राध्यापक बाई होत्या. त्यांचा नियम कडक. प्रत्येक वाक्याखाली आधार पाहिजे, कुठं छापलंय आणि कोणत्या पानावर. कथा कितीही गोड असो, आधार नसेल तर वाक्य बाहेर. आणि अमक्या गावात अमका देव येऊन गेला असं लिहायचं असेल तर एक पुस्तक चालणार नाही, दोन पाहिजेत, आणि एकावरून दुसरं उतरवलेलं नको. असले आधार माझ्या क्रेटमध्ये निघायचे. बाई नोंदीच्या खाली माझा संग्रह म्हणून लिहायच्या.

बाईंना मी पहिल्याच दिवशी माझी कसोटी सांगितली होती. विकायला ठेवलेलं पुस्तक खोटं बोलतं, देवळाच्या दारातलं तर बोलतंच. पण जे पुस्तक माणूस बुडवायला आणतो, त्याला कुणाला काही पटवायचं राहिलेलं नसतं. ते खोटं बोलत नाही. बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं. तिसरीत शाळा सुटलेल्या माणसाचं वाक्य.

आता व्याह्याकडं येतो.

माझी लेक चांदवडच्या अलीकडं एका गावात दिलेली. व्याही कांद्याचा मोठा बागायतदार आणि गावच्या देवळाचा मुख्य पंच. त्या साली नातीचं जाऊळ होतं, देवळातच. पुढचा सिंहस्थ जवळ येत होता आणि जिल्ह्यात ज्याला त्याला आपलं गाव यात्रेच्या नकाशात घालायचं होतं. जेवणं झाली, पानं उचलली, पुरुष माणसं मंडपात बसली, तेव्हा व्याही माझ्याजवळ सरकून म्हणाला, "इवाई, एक काम होतं. तुमच्या त्या कोशात जटायूची गोष्ट हाय ना?"

"हाय."

"त्यात आपला डोंगर घाला. जटायूचा पंख इथं पडला. आमची म्हातारी माणसं सांगत आलीत."

"छापलंय कुठं?"

"छापायचं काय त्यात? पायरीवर पंख कोरलेला हाय."

मी उठलो, पायरीपाशी गेलो, बोटानं खाचेतला भुगा काढला आणि सगळ्यांना दाखवला. पांढराधोप. म्हटलं, "जटायू पडला त्रेतायुगात आणि पाथरवटाची छिन्नी पडली गेल्या हप्त्यात. आणि रावण दक्षिणेला चालला होता. तो इकडं उत्तरेला कशाला येईल? कांदे घ्यायचे होते का त्याला?"

व्याह्याचे भाऊबंदही हसले. तो हसला नाही. म्हणाला, "पाव्हण्यांची जीभ धारेची हाय."

"तुमच्या पाथरवटाच्या छिन्नीपेक्षा बरी," मी म्हटलं.

आत बायकांच्या पंगतीत लेक वाढत होती. तिनं ऐकलं असणार, कारण निघताना तिनं माझ्या पाया पडताना वर बघितलं नाही. त्या घरात तिचं आधीच अवघड होतं. पहिली मुलगी झाली, दुसरीही मुलगीच. सासू तिला सगळ्यांच्या मागून जेवायला बसवायची, उरलेली शेवटची भाकर, तीही गार. माझ्या बोलण्याचा हिशेब तिच्या ताटात निघणार हे मला ठाऊक होतं. तरी मी बोललो. खोट्याला खोटं म्हणायला मी पोरीचं ताट बघत नाही.

त्याच साली पितृपक्षात रामकुंडावर एक धोतरवाला म्हातारा आला. म्हणाला निफाडकडचा, आजोबांच्या पोथ्या आहेत. मी मागितल्या तर नाही म्हणाला. फडकं पाण्यात सोडलं, हात जोडले आणि मागं न बघता गेला. मी आकडा टाकला. आत दोन जुनी पंचांगं, एक आरत्यांचं पुस्तक आणि तळाला एक पातळ पुस्तिका. पिवळी पडलेली, कोपरे झिजलेले, पानांना कसरीच्या किड्यानं पाडलेली भोकं. ओली होती तरी अक्षर वाचता येत होतं. व्याह्याच्याच गावाचं माहात्म्य. जटायूचा डावा पंख तुटून वाऱ्यानं उत्तरेला वाहत गेला आणि त्या डोंगरावर पडला, असं.

मी ती रद्दी कागदांत दाबून सुकवली. वाचली, पुन्हा वाचली. मग जटायूचा क्रेट उपसला. त्यात एक अर्धं फाटकं पान होतं, जुनंच, माझ्याकडं कधीचं पडलेलं. त्यावर एवढंच होतं की पंख उत्तरेकडच्या डोंगरात पडला. गावाचं नाव फाटलेल्या भागात गेलं होतं. दोन आधार, एकमेकांना न बघितलेले. मी इतका खूश झालो की पुस्तिका पिशवीत घालून तडक वाचनालयात गेलो.

बाईंनी पान उजेडात धरलं. म्हणाल्या, "नाना, हे तुमच्या व्याह्यांचं गाव ना?"

मला राग आला. म्हटलं, "बाई, नात्यासाठी दगडाला शेंदूर फासणारा मी नव्हे. ह्याच गावाला मी भर मंडपात खोटं पाडलंय. मीच पाडलं आणि आता मीच उचलतोय, यापरता दाखला काय पाहिजे तुम्हाला?"

बाई म्हणाल्या, "छापखान्याचं नाव नाही यावर."

"पाण्यात गेलं असंल. तुम्ही मला शिकवता का बुडवायला आलेलं पुस्तक कसं असतं ते?"

त्यांनी पुस्तिकेचं नाव वहीत उतरवून घेतलं. दिवाळीच्या आत नोंद चढली. खाली माझा संग्रह.

गावानं मला बोलावलं. मंडप, स्पीकर, शाल, नारळ. डोंगराच्या पायथ्याला नवी कमान. व्याह्यानं माझ्या डोक्याला फेटा बांधला आणि माइकवर म्हणाला, "आमच्या इवायांनी आम्हाला आधी तपासलं, मग मानलं. असा माणूस पाहिजे." मी पण बोललो. म्हटलं, मी ज्याच्यावर शिक्का मारतो ते बाजारात चालतं. टाळ्या पडल्या. जावयानं पायथ्याला प्रसादाचं दुकान टाकलं होतं. जेवताना बघितलं, लेक थोरल्या बायकांच्या पंगतीत बसली होती आणि सासू तिच्या ताटात तव्यावरची भाकर टाकत होती. वाफ दिसत होती. लेकीनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, बापाचं कौतुक वाटतंय.

पुढच्या वैशाखात ती आखाजीला माहेरी आली, धाकटी पोर कडेवर, थोरली तिकडंच आजीपाशी. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडं सासुरवाशिणी येतातच. वैशाखात मी दरसाल पुस्तकांना ऊन देतो. आवारात ताडपत्री, त्यावर क्रेट रिकामे करायचे. बाईंनी छापील कोशासाठी त्या पुस्तिकेच्या पानांचे फोटो मागितले होते. मी ती हातात घेतली आणि पान उन्हाकडं धरलं.

भोकं गोल होती. सगळी सारखी, आणि कडेला तपकिरी. कसर खाते ती वाकडी खाते, कुठं पानाचा पदर चाटून जाते, कुठं दोन पानं खाते आणि तिसरं सोडते. इथं सोळाच्या सोळा पानांत एक भोक सरळ पार गेलेलं. मी वास घेतला. पाण्यात बुडून, वाळून, सात महिने झाले तरी त्यात चहा होता आणि त्याच्या खाली चंदनाची उदबत्ती.

मी वर बघितलं. लेक ताडपत्रीच्या पलीकडं सीतेचा क्रेट लावत होती. तिचे हात थांबले होते.

"ये इकडं," मी म्हटलं.

ती आली. पोर तिच्या पदराशी खेळत होती.

"हे काय हाय?"

तिनं पोरीच्या हातातून पदर सोडवला. मग म्हणाली, "मी पाडली, नाना. उदबत्तीनं."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाय. मामंजींनी मजकूर लिहून छापून घेतला, तो त्यांना चांदवडच्या दुकानात ठेवायचा होता. मीच म्हटलं, दुकानातलं नाना मानणार नाहीत. बुडवायला पाठवा."

"म्हातारा कोण होता?"

"आमच्या चुलत सासऱ्यांचा सालगडी."

"पंचांगं?"

"ती खरी. घरातली."

मी पुस्तिका उलटसुलट केली. चहात भिजवून सावलीत सुकवली होती, उन्हात नव्हे, म्हणून पानं आखडली नव्हती. कोपरे दगडावर घासले होते, एकाच बाजूनं नव्हे, जिथं बोट लागतं तिथं जास्त. कामात कसूर नव्हती. मी म्हटलं, "जन्मभर माझ्यापाशी बसली आणि एवढंच शिकली. ते पण कच्चं. कसर गोल भोक पाडत नाही."

"नाना, राहू द्या," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "कुणाचं काय जातंय? लोक येतात, नारळ फोडतात, जातात. तुमचा जटायू कुठं पडला ते कुणी बघितलंय? मला त्या घरात आत्ता कुठं माणसात घेतलं. पोरींना आजी मांडीवर घेते. राहू द्या."

"व्याह्याची भाकर तुला गरम पाहिजे म्हणून माझी जीभ बाटवली तू."

"तुमची जीभच माझ्या ताटात गार होऊन येत होती," ती म्हणाली. "इतकी वर्षं."

मी सदरा घातला आणि निघालो. ती फाटकापर्यंत आली नाही.

बाईंनी पुस्तिका उन्हात धरली, भोकं बघितली, आणि चष्मा काढून ठेवला. मी सगळं सांगितलं, कुणी केलं ते पण. बाई म्हणाल्या, "नोंदीतला तेवढा भाग काढून टाकू. गवगवा नको. आधार अपुरा, एवढंच."

"नाही," मी म्हटलं. "आधार अपुरा नाही. आधार खोटा हाय. बनवलेला. कुठल्या गावानं बनवला ते लिहा."

"नाना, तुमची मुलगी त्या घरात आहे."

"मला ठाऊक हाय माझी लेक कुठं हाय."

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग त्यांनी जे विचारलं ते मला विचारायला नको होतं असं नाही. त्यांचं कामच ते. म्हणाल्या, "मग बाकीच्या क्रेटचं काय? बुडवायला आलेलं पुस्तक खोटं बोलत नाही, ही तुमची कसोटी होती. तिच्यावरच उभ्या आहेत सगळ्या नोंदी. एवढी वर्षं तुम्ही घाटावर बसता हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. ज्याला घालायचं होतं तो घालत आलाच असेल."

"माझ्या नजरेतून गेलं नसतं."

"हे गेलं. सात महिने."

मी पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"फक्त तुमच्या संग्रहावर असलेल्या सगळ्या नोंदी खाली घ्याव्या लागतील," बाई म्हणाल्या. "तपासून होईपर्यंत. आणि तपासायला माझ्याकडं माणूस नाही." मग म्हणाल्या, "किंवा आपण दोघांनी हे पान उन्हात धरलंच नव्हतं. मी एकदाच विचारते."

शिपायानं चहा आणला होता. मी तो घेतला नाही. म्हटलं, "घ्या खाली. सगळ्या. आणि ह्याच्याखाली गावाचं नाव लिहा."

त्यांनी माझ्यासमोर लिहिलं. मी त्यांच्याकडून वाचून घेतलं, मग स्वतः ओळीवर बोट ठेवून वाचलं. गावाचं नाव होतं. उठताना त्यांनी मला दारापर्यंत सोडलं नाही. आधी सोडायच्या.

संध्याकाळी व्याह्याचा फोन आला. बातमी फोनवरून फोनवर गेली असणार; गावातल्या कुणा पोरानं कोश उघडला असेल. लेक चुलीपुढं बसली होती. मी फोन कानाला न लावता तळहातावर धरला, मला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवरच असतो तो.

"इवाई," व्याही म्हणाला. "फेटा परत पाठवा."

"पाठवतो. तुमचा भुगा पण हाय माझ्याकडं, तो पण पाठवू?"

"आम्ही तुमची पोर राणीसारखी ठेवली सहा महिने."

"सहा महिनेच ठेवली. आधीचं मला माहीत हाय."

व्याही खाकरला. मग म्हणाला, "मग आता ठेवून घ्या तुमच्याकडंच. तिची अक्कल, तिचा धंदा. तिनंच सुचवलं, तिनंच केलं, सगळ्या गावाला सांगतो मी. आमच्या घरातून तिला कुणी न्यायला येणार नाही."

लेकीचा हात पिठाच्या परातीत होता. तिनं तो काढला नाही. ती माझ्याकडं बघत होती, आणि तिला काय ऐकायचं होतं ते मला दिसत होतं. बाप म्हणेल, राहू दे, माझ्या घरी जागा हाय. नोंदी गेल्यावर क्रेट कुणाच्या कामाचे नव्हते, शेड रिकामी होणारच होती. जागा होतीही.

मी म्हटलं, "व्याही, सून तुमची हाय. खोटं तुम्ही लिहिलं, तिनं रंगवलं. दोघं मिळून निस्तरा. मी ठेवून घ्यायला ती काही पोथी नव्हे, कुणी टाकली आणि मी उचलली."

फोन बंद झाला. बंद त्यानं केला की मी, ते आठवत नाही.

लेकीनं भाकरी थापल्या. पहिली तव्यावरून उतरवून तिनं माझ्या ताटात टाकली, मग पोरीच्या. स्वतःला घेतली नाही. म्हणाली, "मी गेले की ते काय करतील ते तुम्हाला ठाऊक हाय."

"हाय ठाऊक."

"तरी?"

"मी माझं घालवलं ना? सगळे क्रेट गेले. एक पण राहिला नाही. मी रडतोय का?"

"तुम्ही पुस्तकं घालवली, नाना," ती म्हणाली. मग पोरीला भाकरी चुरून देऊ लागली, आणि झोपेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला आडगाव नाक्यावर नेलं. एक बॅग, एक पोर. फेटा मी वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत वरच ठेवला होता. चांदवडची गाडी लागली. पोरीला मी आत दिलं, बॅग दिली. लेक खिडकीशी बसली आणि समोर बघत राहिली. गाडीला अजून वेळ होता. कंडक्टर खाली उभा राहून तंबाखू मळत होता. मी थांबलो नाही. रस्ता ओलांडला आणि घरी आलो.